चौदाव्या सेनेचे स्लिम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून ब्रिटिश लष्कराच्या इतिहासातील सर्वांत लांब मानली जाणारी माघार ज्यांनी पार पाडली आणि तीन वर्षांनी परत जाऊन तोच देश ज्यांनी जिंकून घेतला, त्या फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांच्याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. स्लिम यांच्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते आणि त्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. असे असूनही आपल्याकडे मॉन्टगोमेरी आणि रोमेल ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि स्लिम हे नाव मात्र सांगावे लागते, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. म्हणून काही उत्तरे नेहमीपेक्षा लांबली आहेत.

प्रश्न : त्या काळच्या इंग्रजी सैन्यात अधिकारी व्हायला घराणे आणि पैसा लागत असे, असे ऐकले आहे. स्लिम कोणत्या घराण्यातले होते?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे आणि स्लिम यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी ब्रिस्टल येथे झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा बेताचा व्यापार होता आणि पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅमला राहायला गेले. शाळा संपल्यावर स्लिम यांनी काही काळ प्राथमिक शाळेत शिकवले आणि नंतर धातूच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत कारकुनी केली. लष्कराची ओढ लहानपणापासूनच होती, परंतु शांततेच्या काळात अधिकाऱ्याला पगाराखेरीज घरचे उत्पन्न लागे, त्यामुळे ती वाट बंद होती. १९१२ मध्ये ते विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण पथकात दाखल झाले. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये त्यांना तात्पुरती नेमणूक मिळाली.

१९१५ मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या मोहिमेत ते गंभीर जखमी झाले. पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाले आणि तेथील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. गॅलिपोलीत त्यांनी गुरखा सैनिकांना लढताना जवळून पाहिले होते, आणि भारतीय सैन्यात केवळ पगारावर निर्वाह होऊ शकत असे. ही दोन्ही कारणे जुळून आली आणि युद्धानंतर ते सहाव्या गुरखा रायफल्समध्ये आले. गुरखाली आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी कामापुरत्या शिकून सोडून दिल्या नाहीत. जवानाशी दुभाष्याविना बोलता येईल इतक्या त्या आत्मसात केल्या. संसाराला हातभार म्हणून ते अँथनी मिल्स या टोपणनावाने कथा लिहीत असत. पुढे त्यांच्या युद्धवर्णनाला जी सरळ, स्वच्छ भाषा लाभली, तिचे मूळ मला या लेखनात दिसते.

बढती अत्यंत संथ होती. १९३८ मध्ये सातव्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीचे नेतृत्व मिळाले, तेव्हा त्यांचे वय शेहेचाळीसच्या पुढे गेले होते. त्यानंतरची त्यांची नेमणूक आपल्या वाचकांना जवळची वाटेल : १९३९ मध्ये ते बेळगाव येथील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख होते. महायुद्ध सुरू झाले नसते तर कदाचित बेळगावनंतर एखाद-दोन नेमणुका होऊन ते निवृत्त झाले असते.

प्रश्न : मोठे सेनापती आपल्या चुका कबूल करत नाहीत, असा माझा वाचनाचा अनुभव आहे. स्लिम याला अपवाद होते असे म्हणतात, ते कितपत खरे?

उत्तर : पूर्णपणे खरे आहे, आणि माझ्या मते त्यांच्या मोठेपणाचा उगम इथेच आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदान आणि इथिओपियाच्या सीमेवर गल्लाबात येथे त्यांनी १० व्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व केले. गल्लाबातचा किल्ला हाती आला, परंतु समोरचे मेतेम्मा घेण्यापूर्वीच बहुतेक रणगाडे सुरुंगांनी आणि यांत्रिक बिघाडाने बंद पडले. इटालियन विमानांनी उघड्या खडकाळ जागेवर बॉम्बफेक सुरू केली आणि एका ब्रिटिश पलटणीत घबराट पसरली. स्लिम यांनी माघार घेतली. शत्रूची अवस्था आपल्याहून बिकट होती आणि थोडा नेट लावला असता तर मेतेम्मा पडले असते, हे त्यांना नंतर कळले. दोन मार्ग समोर असताना आपण धीराचा मार्ग सोडून भीतीचा सल्ला ऐकला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

१९४४ मध्ये जपानी सैन्य भारतात घुसले तेव्हाच्या कोहिमाच्या लढाईबाबत त्यांची कबुली याहूनही महत्त्वाची आहे, कारण तिथे चुकीची किंमत शेकडो माणसांनी मोजली. त्या डोंगरदऱ्यांतून जपानी फार तर एक रेजिमेंट, म्हणजे तीन पलटणी, आणू शकतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जनरल सातो यांची अख्खी ३१ वी डिव्हिजन, म्हणजे अशा अनेक पलटणींची मोठी फौज, चालून आली. शिवाय इंफाळच्या दक्षिणेस दूर असलेल्या १७ व्या भारतीय डिव्हिजनला मागे बोलावण्याचा निर्णय स्थानिक सेनाधिकाऱ्यावर सोपवल्यामुळे तो हुकूम उशिरा सुटला. या दोन्ही चुका त्यांनी आपल्या 'डिफीट इंटू व्हिक्टरी' या पुस्तकात कोणाच्याही माथी न मारता स्वतःच्या नावावर मांडल्या आहेत. युद्धानंतर आठवणी लिहिणारे सेनापती पुष्कळ झाले, पण आपल्या चुकीचे कारण आणि परिणाम इतक्या सविस्तर सांगणारा दुसरा सेनापती माझ्या वाचनात नाही.

प्रश्न : १९४२ च्या माघारीत नेमके काय घडले? हरलेल्या सेनापतीचा गौरव कशासाठी?

उत्तर : मार्च १९४२ मध्ये स्लिम ब्रह्मदेशात पोहोचले, तेव्हा रंगून आधीच पडले होते. समुद्रमार्गाने रसद किंवा कुमक येण्याची शक्यता संपली होती. त्यांच्या हाती दोन खिळखिळ्या डिव्हिजन दिल्या गेल्या. त्यांपैकी १७ व्या भारतीय डिव्हिजनचा मोठा भाग २३ फेब्रुवारीला सित्तांग नदीच्या पलीकडे असतानाच जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून पूल उडवून देण्यात आला होता. माणसे पोहून, बांबूंच्या आधाराने, शस्त्रे टाकून अलीकडे आली. पुढे भारताचे सेनाप्रमुख झालेले सॅम माणेकशा याच डिव्हिजनमध्ये होते आणि सित्तांगच्या लढाईत मशिनगनच्या गोळ्यांनी गंभीर जखमी झाले होते. अशा सैन्याला घेऊन स्लिम यांना सुमारे नऊशे मैल मागे यायचे होते.

एप्रिलच्या मध्यावर येनांगयाउंग येथील तेलविहिरी त्यांनी स्वतःच्या हुकुमाने उद्ध्वस्त केल्या. जळत्या तेलाच्या काळ्या धुरात, पाण्याचा थेंब नसलेल्या उघड्या टेकाडांवर पहिली बर्मा डिव्हिजन वेढली गेली. जनरल सुन ली-जेन यांच्या चिनी डिव्हिजनच्या मदतीने ती कशीबशी बाहेर पडली. मे महिन्यात चिंदविन नदीकाठी श्वेग्यिनला पोहोचल्यावर उरलेली बहुतेक वाहने आणि रणगाडे सोडून द्यावे लागले. स्टुअर्ट जातीचा एकच रणगाडा पलीकडे नेता आला. १९४५ मध्ये हाच रणगाडा, वरचा तोफेचा मनोरा काढलेल्या स्थितीत, भारतीय सैन्याच्या ७ व्या लाइट कॅव्हलरीबरोबर पुन्हा ब्रह्मदेशात गेला. रणगाड्यालाही नशीब असते, असे ही हकीकत वाचताना माझ्या मनात आले.

पाऊस सुरू झाल्यावर ही माणसे इंफाळच्या बाजूला चढून आली. स्लिम रस्त्याच्या कडेला उभे राहून शेवटच्या तुकड्या पाहत होते. अंगावरचे कपडे फाटलेले, दाढ्या वाढलेल्या, हिवतापाने आणि अतिसाराने पोखरलेली शरीरे. पण रांग मोडलेली नव्हती आणि रायफल हातात होती. आपण प्रश्न विचारलात म्हणून सांगतो : गौरव पराभवाचा नाही. पराभव झाला हे त्यांनी कधीही नाकारले नाही. गौरव आहे तो असे सैन्य पळणाऱ्या जमावात बदलू न देता परत आणल्याचा. सित्तांगला मोडलेली तीच १७ वी डिव्हिजन तीन वर्षांनी मध्य ब्रह्मदेशातील मेकतिला जिंकून गेली, यावरून तिला वाचवण्याचे मोल कळते.

प्रश्न : मी परिचारिका होते. ब्रह्मदेशाच्या युद्धात गोळ्यांपेक्षा डासांनी जास्त माणसे लोळवली असे वाचले. सेनापतीचा यात संबंध काय येतो? हे तर डॉक्टरांचे काम.

उत्तर : आपल्या प्रश्नामुळे स्लिम यांच्या कर्तृत्वाच्या गाभ्याला हात घालता येतो, म्हणून आपले विशेष आभार. १९४३ मध्ये त्यांनी आजारपणाचे आकडे मागवले. जखमी होऊन मागे पाठवलेल्या प्रत्येक एका माणसामागे एकशेवीस माणसे आजारी पडून मागे जात होती. एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होते. याच गतीने चालले तर काही महिन्यांत लढायला कोणीच उरणार नाही, हे समजायला मोठे गणित लागत नव्हते.

त्या वेळची पद्धत अशी होती की ताप आलेल्या जवानाला बैलगाडी, रेल्वे, नदीतील बोट असे करत शेकडो मैल मागे भारतातल्या रुग्णालयात पाठवायचे. तो परत यायला सरासरी पाच महिने लागत, आणि अनेक जण परत येतच नसत. स्लिम आणि त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही दिशाच उलटी केली. आघाडीच्या मागे अवघ्या काही मैलांवर तंबूत हिवतापाची उपचार केंद्रे उभारली गेली. ताप चढल्यापासून चोवीस तासांच्या आत जवान तिथे दाखल व्हायचा आणि काही आठवड्यांत आपल्या तुकडीत परतायचा. अतिगंभीर जखमींना विमानाने हलवण्याची सोय झाली.

दुसरा उपाय म्हणजे मेपाक्रिन या हिवताप रोखणाऱ्या औषधाची रोजची गोळी. या गोळीने कातडी पिवळी पडे आणि तिच्यामुळे पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली होती, त्यामुळे अनेक जण ती गुपचूप थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. एखाद्या तुकडीतील प्रत्येकाची तपासणी व्हायची, आणि ज्यांच्या शरीरात औषध सापडले अशांचे प्रमाण ९५ टक्क्यांखाली आले तर तिच्या प्रमुख अधिकाऱ्याला पदावरून दूर केले जाई. तीन अधिकाऱ्यांना तसे काढल्यावर उरलेल्यांना हुकमाचा अर्थ समजला. आपण म्हणता तसे औषध देणे डॉक्टरांचे काम आहेच, परंतु हजारो माणसांनी ते रोज घ्यावे ही शिस्तीची बाब होती आणि शिस्त ही सेनापतीची जबाबदारी होती. हा भेद त्यांनी ओळखला. १९४५ पर्यंत आजारपणाचे प्रमाण दिवसाला हजारी एक इतके खाली आले होते.

याच दृष्टीने त्यांनी रसदीकडे पाहिले. हवाई मार्गाने अन्न आणि दारूगोळा टाकण्यासाठी छत्र्या हव्या होत्या. रेशमी छत्र्यांच्या पुरवठ्यात ब्रह्मदेशाची आघाडी यादीच्या अगदी तळाला होती. तेव्हा बंगालमध्ये मुबलक मिळणाऱ्या तागाच्या छत्र्या करून घेण्यात आल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांहून अधिक खर्च येई, तर तागाची एक पौंडाच्या आसपास होई आणि सामान टाकण्यापुरते तिचे काम जवळजवळ तितकेच चांगले होते. रस्त्यांसाठी खडी नव्हती, म्हणून डांबरात भिजवलेले तागाचे पट्टे जमिनीवर अंथरून शंभर मैलांहून अधिक रस्ता पावसात टिकेल असा केला गेला. डिसेंबर १९४४ मध्ये कालेवा येथे चिंदविनवर १,१५४ फूट लांबीचा बेली पूल, म्हणजे तयार सुटे भाग जोडून उभारायचा लष्करी पूल, उभा राहिला. त्या प्रकारातला तो त्या वेळी जगातला सर्वांत लांब पूल होता. त्याच काठावर सैन्याच्या अभियंत्यांनी जंगलातले लाकूड कापून मालवाहू होड्या बांधल्या. त्यांच्या रक्षणासाठी बांधलेल्या दोन लहान युद्धनौकांपैकी एकीला स्लिम यांच्या मुलीचे, उना हे नाव दिले होते.

आणखी एक गोष्ट. आघाडीवरच्या जवानांचा शिधा निम्मा झाला की स्लिम आपल्या मुख्यालयातील सर्वांचा, स्वतःसह, शिधाही निम्मा करत. पोट भरलेल्या कचेरीला आघाडीवरच्या भुकेची घाई कळत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. पोटाला चिमटा बसल्यावर रसदीचे कागद किती वेगाने हलत असतील, याची कल्पना कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला करता येईल.

प्रश्न : इंफाळ आणि कोहिमाच्या लढाईत मराठा सैनिकांचा काही सहभाग होता का?

उत्तर : होता, आणि अतिशय मोलाचा होता. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांच्या १५ व्या जपानी सेनेने सुमारे ८५,००० सैनिकांसह चिंदविन ओलांडली. इंफाळच्या ईशान्येस उखरूलजवळ सांगशाक नावाचे डोंगरमाथ्यावरचे नागा गाव आहे. तिथे ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वाटेत आली आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. खडकात खंदक खोल जात नव्हते, काटेरी तार नव्हती आणि पाण्याचा साठा अपुरा होता. विमानातून टाकलेल्या सामानातले पुष्कळसे वाऱ्याने आणि जागेच्या अरुंदपणामुळे जपान्यांच्या ताब्यातल्या उतारावर पडत होते. अशा स्थितीत ही ब्रिगेड २६ मार्चच्या रात्रीपर्यंत झुंजली आणि मग हुकूम मिळाल्यावर जखमींना शक्य तितके बरोबर घेऊन इंफाळकडे निघाली. सांगशाकचे हे दिवस कोहिमा आणि इंफाळ या दोन्ही ठिकाणच्या तयारीला मिळाले. स्लिम यांचा कोहिमाविषयीचा अंदाज चुकला होता, हे वर सांगितलेच आहे. त्या चुकीची झळ कमी करण्यात सांगशाकच्या जवानांचा वाटा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

स्लिम यांची मूळ योजना अशी होती की जपान्यांना इंफाळच्या पठारापर्यंत येऊ द्यायचे, म्हणजे त्यांची रसद डोंगरांपलीकडे राहील आणि आपली हाताशी असेल. ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानच्या आघाडीवरून ५ वी भारतीय डिव्हिजन तोफा आणि खेचरांसह विमानांनी उचलून आणण्यात आली. वेढलेल्या इंफाळला दीड लाखांच्या आसपास माणसे अनेक आठवडे हवाई रसदीवर तगली. २२ जूनला कोहिमाकडून आणि इंफाळकडून येणाऱ्या तुकड्या मैलाच्या १०९ व्या दगडाजवळ भेटल्या आणि वेढा उठला. मुतागुची यांच्या सैन्याची हानी पन्नास हजारांच्या पुढे गेली. त्यांतले फार मोठ्या संख्येने सैनिक उपासमारीने आणि रोगांनी गेले, कारण तीन आठवड्यांची रसद घेऊन निघालेल्या सैन्याला परतीची सोय कोणी केलीच नव्हती. एकाच पावसात, एकाच डोंगरात दोन सेना उभ्या होत्या. एकीच्या सेनापतीने शिध्याचा हिशेब केला होता आणि दुसऱ्याने तो शत्रूच्या कोठारांवर सोडला होता.

प्रश्न : मेकतिलाची लढाई इतकी नावाजली जाते, ती का? आणि मंडालेच्या किल्ल्यात लोकमान्य टिळकांचा तुरुंग होता, तो याच लढाईत पडला का?

उत्तर : १९४४ च्या अखेरीस स्लिम यांची अपेक्षा होती की जपानी श्वेबोच्या मैदानात, इरावतीच्या अलीकडे लढतील. नवे जपानी सेनापती किमुरा यांनी शहाणपणाने सैन्य नदीपलीकडे नेले. स्लिम यांनी काही दिवसांत संपूर्ण योजना बदलली. उत्तरेकडून मंडालेवर चालून जाण्याचा जोरदार देखावा करायचा आणि ४ थी कोर (एकाहून अधिक डिव्हिजनांची फौज) जंगलातल्या अरुंद वाटेने सुमारे तीनशे मैल दक्षिणेला नेऊन किमुरांच्या पिछाडीला, मेकतिलावर, घालायची. मेकतिला येथे जपान्यांची कोठारे, रुग्णालये, विमानतळ आणि रेल्वेचे जाळे एकत्र आले होते. ही कोर उत्तरेलाच आहे असे भासावे म्हणून तिच्या नावाचे खोटे मुख्यालय उभे केले गेले आणि त्याच्यामार्फत बिनतारी संदेशांची रोजची वर्दळ चालू ठेवण्यात आली. १४ फेब्रुवारी १९४५ ला पगानजवळ न्याउंगू येथे ७ व्या भारतीय डिव्हिजनने इरावती ओलांडली. १७ वी डिव्हिजन आणि रणगाडे त्या वाटेने पुढे घुसले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेकतिला हाती आले. मंडाले वाचवायचे की मेकतिला परत घ्यायचे, या पेचात किमुरांचे सैन्य दोन्हीकडे फाटले. पुरवठा, फसवणूक, वेग आणि नदी ओलांडण्याचे धाडस या चारही गोष्टी एकाच योजनेत इतक्या चोख बसल्याचे दुसरे उदाहरण त्या युद्धात क्वचितच सापडेल.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. लोकमान्यांनी ज्या मंडालेच्या तुरुंगात बसून गीतारहस्य लिहिले, तो किल्ल्याच्या तटबंदीच्या आत होता. हा किल्ला १९ व्या भारतीय डिव्हिजनने २० मार्च १९४५ रोजी घेतला. तटाच्या आतला ब्रह्मी राजांचा सुंदर लाकडी राजवाडा मात्र या लढाईत जळून गेला.

प्रश्न : रंगून जिंकल्याबरोबर स्लिम यांना पदावरून काढले होते, हे खरे का?

उत्तर : तसा प्रयत्न झाला. मे १९४५ मध्ये त्यांचे वरिष्ठ जनरल लीझ यांनी स्लिम थकले आहेत असे ठरवून त्यांना चौदाव्या सेनेवरून हलवण्याचा घाट घातला. सैन्यात संतापाची लाट उसळली, लंडनमध्ये प्रश्न उभा राहिला आणि अखेर लीझ यांनाच परत बोलावण्यात आले. त्यांच्या जागी नेमणूक झाली ती स्लिम यांची.

प्रश्न : समोर आझाद हिंद सेनेचे आपलेच बांधव होते. १९४२ मध्ये देश पेटला होता, १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे उपाशी मेली. अशा वेळी इंग्रज सेनापतीचे कौतुक आपण का करावे?

उत्तर : आपला रोष मला समजतो आणि प्रश्न टाळण्याजोगा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' आंदोलन पेटले, तेव्हा स्लिम यांच्या १५ व्या कोरचे मुख्यालय कलकत्त्याजवळ बराकपूर येथे होते. पूर्व भारतातील अंतर्गत सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ते साम्राज्याचे सेनापती होते आणि ते काम त्यांनी केले, यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. बंगालच्या दुष्काळाला युद्धकाळातील सरकारी धोरणे मोठ्या प्रमाणात जबाबदार होती. ती धोरणे स्लिम यांनी आखली नव्हती, पण ज्या युद्धयंत्रणेसाठी ती आखली गेली, तिचाच ते एक भाग होते.

आझाद हिंद सेनेविषयी त्यांनी जे लिहिले आहे, त्यात आदर आढळत नाही आणि ते मला एकांगी वाटते. मणिपुरात आणि पुढे इरावतीच्या काठी ज्या हालात ते सैनिक उभे राहिले, ते पाहता त्यांच्या ध्येयाला न्याय द्यायला हवा होता. तरी त्यांच्या पुस्तकात एक कबुली आहे. आझाद हिंद सेनेचे सैनिक शरण येत असताना आपले भारतीय आणि गुरखा जवान काही वेळा त्यांना शरण येऊ द्यायला फारसे राजी नसत आणि त्यांना बऱ्या रीतीने वागवावे असे हुकूम काढावे लागले, असे ते सांगतात. हे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते. दोन्ही बाजूंना एकाच भाषेत आईला पत्र लिहिणारी मुले होती.

माझे उत्तर असे की स्लिम यांच्या कर्तृत्वाचा अभ्यास करण्यासाठी त्यांच्या साम्राज्याचे समर्थन करावे लागत नाही. त्यांच्या हाताखाली लढलेले जवान पगारासाठी आणि पलटणीच्या इभ्रतीसाठी लढले असतील, पण जपानी सेना त्यांनी भारताच्या दारात थोपवली. त्यांतले अनेक जण पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात राहिले. त्यांना हिवतापातून वाचवणाऱ्या, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणाऱ्या आणि आपल्या चुकीसाठी त्यांना दोष न देणाऱ्या माणसाची नोंद आपण घेतली नाही, तर त्या जवानांची हकीकतही अर्धीच राहते.

प्रश्न : युद्धानंतर ते काय करत होते?

उत्तर : १९४८ मध्ये निवृत्त होऊन ते ब्रिटिश रेल्वेच्या कारभारात गेले होते, परंतु पंतप्रधान अ‍ॅटली यांनी त्यांना परत बोलावून साम्राज्याच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याचे पद दिले. भारतीय सैन्यातून आलेला अधिकारी त्या पदावर प्रथमच बसला. जानेवारी १९४९ मध्ये ते फील्ड मार्शल झाले आणि १९५३ ते १९६० या काळात ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. १९५६ मध्ये 'डिफीट इंटू व्हिक्टरी' हे त्यांचे पुस्तक आले. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील एका बालगृहशाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांची शहानिशा न्यायालयात होऊ शकली नाही, पण कॅनबेरातील त्यांच्या नावाचा रस्ता पुढे वेगळ्या नावाने ओळखला जाऊ लागला. चरित्र सांगताना हा भाग गाळणे मला अप्रामाणिक वाटते.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत सहा टोकांचे पितळी रंगाचे पदक आहे. फीत निळी, मध्ये रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंच्या निळ्यात नारिंगी रेघ. ते स्लिम यांच्या सेनेत होते, असे यावरून म्हणता येईल का?

उत्तर : आपण वर्णन केलेले पदक म्हणजे बर्मा स्टार. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील सेवेसाठी ते दिले गेले. फीत घट्ट गुंडाळून ठेवू नका आणि पदक पॉलिशने घासू नका.

केवळ पदकावरून मात्र ते चौदाव्या सेनेत होते असे ठरत नाही. ही सेना ऑक्टोबर १९४३ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे त्याआधीची सेवा तिच्यात मोडत नाही. शिवाय नोव्हेंबर १९४४ नंतर आराकानमधील १५ वी कोर स्लिम यांच्या आधिपत्याखाली नव्हती. त्याच आघाडीवर जानेवारी १९४५ मध्ये कांगाव येथे थिमय्या, थोरात आणि सेन या तीन भारतीय अधिकाऱ्यांच्या पलटणी एकाच ब्रिगेडमध्ये लढल्या. त्यांपैकी शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडचे आणि पुढे लेफ्टनंट जनरल झालेले. हे सर्व जण बर्मा स्टारचे मानकरी, तरी त्या लढाईच्या वेळी त्यांचे वरिष्ठ स्लिम नव्हते. म्हणून ट्रंकेत सेवामुक्तीचा दाखला किंवा वेतनपुस्तिका आहे का ते पाहा. त्यावर पलटणीचा क्रमांक, शिपाई क्रमांक आणि भरतीची तारीख असते. ही माहिती घेऊन बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला पत्र लिहा. पलटण चौथी निघाली, तर आजोबा सांगशाकला असण्याची शक्यता बरीच आहे.

आजोबा ज्या मित्रांची नावे घेत असत आणि जे परतले नाहीत, त्यांचाही शोध घेता येईल. कोहिमाच्या युद्ध स्मशानभूमीत वरच्या बाजूला दहनस्मारक आहे. ज्यांच्यावर धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, अशा ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावे तिथे पलटणीनुसार कोरलेली आहेत.